खिळ्यावरचा रुमाल

९ मार्च
वसतिगृह, खोली २७

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. (खरंच घातला. खोलीतली मैत्रीण साक्षीला आहे.)

पार्सल दातांनी फोडू नकोस. आत साबणाच्या वडीएवढी एक पेटी आहे आणि तिच्यापायी आम्ही तिघं चार महिने खपलो आहोत. तिघं म्हणजे मी, आमच्या वर्गातला गणिती आणि डागवाला. डागवाला तारांना डाग देऊन जोडतो. आतापर्यंत त्याने माझी एक बाही आणि स्वतःच्या भुवया जाळल्या आहेत.

विद्यापीठात स्पर्धा आहे. उन्हाळे वर्षागणिक लांबत चाललेत, तर त्या उकाड्यात काम करणाऱ्यांची तब्येत राखेल असं काहीतरी विद्यार्थ्यांनी करून दाखवायचं. आमची पेटी हवा किती तापली ते मोजते. छत्तीस अंशांपर्यंत हिरवा दिवा, पुढे पिवळा, चाळीसच्या वर लाल. लाल लागला की काम बंद.

कुठे लावून बघायची असा प्रश्न निघाला तेव्हा मी क्षणभरही विचार केला नाही. शाळा सुटल्यावर तुझ्या इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या ढिगावर बसून मी पाढे पाठ केलेत, आणि आता तू तिथली मुकादम आहेस. तुमच्या अधीक्षकसाहेबांना पत्र टाकलं, त्यांनी उलट टपाली होकार कळवला. ‘पेटी दाराजवळ लावू, आकडे दर आठवड्याला पाठवू’ असं लिहिलंय. इतका चांगला माणूस, आणि तू उगाच त्यांच्या नावाने बोटं मोडतेस!

अंतिम फेरी ३ जूनला आहे.

तुझी,
खटपट


२१ मार्च

चि. खटपटीस,

अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा. धपाटा बाकी राहिला असं समज, भेटलीस की वसूल करीन. माणसाला ओळखायचं तर त्याच्या पत्रावरून ओळखू नये, एवढं तरी मी तुला शिकवायला हवं होतं.

पेटी पोचली. साहेबांनी स्वतः जातीने उभं राहून ती दाराजवळ लावून घेतली. बायकांनी तिचं नाव पोपट ठेवलंय. हिरवा आहे, आणि शिकवलंय तेवढंच बोलतो. आमची घडीवाली रोज आत शिरताना त्याला ‘कसं काय’ विचारते. रोलरशेजारच्या खिळ्यावर आमचा जुना ओला रुमाल लटकत असतो, त्याला आता सवत आल्यासारखं वाटत असणार.

बाकी सगळं तेच. धुण्याची चार पिंपं, सुकवायची दोन आणि ओल्या चादरी दाबून इस्त्री करणारा तो लांबलचक रोलर. रोज अठराशे चादरी. पूर्वी उन्हाळ्यातले पंधरा दिवस जीव नकोसा व्हायचा. आता अडीच महिने होतो. मागची खिडकी वर्षापूर्वी फळ्या ठोकून बंद केली, धूळ येते म्हणून.

तुझ्या त्या डागवाल्याला सांग, भुवया परत उगवतात. माझी बाही जळली तेव्हा मला कुणी नवी दिली नव्हती.

तुझी,
आत्या


१८ एप्रिल

ती. आत्या,

बातमी! पहिल्या फेरीत चौसष्ट गटांतून बारा निवडले, त्यात आम्ही आहोत! गणिती आनंदाने पंख्याच्या पात्यावर डोकं आपटून घेणार होता, थोडक्यात वाचला.

साहेबांकडून दर सोमवारी आकडे येतात, सोबत ‘आपले यंत्र अत्यंत उपयुक्त ठरत आहे’ असं पत्र असतं. ते आम्ही परीक्षकांना दाखवलं. आणि आत्या, आकडे किती छान आहेत! सगळं हिरवं, अख्ख्या महिन्यात दोनदाच पिवळा. मला उगीच तुमची काळजी वाटायची. आता रात्री निवांत झोपते.

तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस. रागावलीस का?

तुझी,
खटपट


२९ एप्रिल

चि. खटपटीस,

आशीर्वाद.

रागावू कशाला? घसा बसलाय, म्हणून फोन नको. मी मजेत आहे. पोपट हिरवा आहे. परीक्षा नीट दे, वेळेवर जेव, आणि निवडल्याबद्दल शाबास.

आत्या


१० मे

ताई,

मला तुम्ही ओळखता. लहानपणी तुम्ही चादरींवर झोपायचात तेव्हा तुम्हाला उचलून बाजूला ठेवणारी घडीवाली ती मी. मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर हसू नका.

मुकादमबाईंनी आम्हाला शपथ घातली होती की तुम्हाला कळवायचं नाही. पण आता मला राहवत नाही.

त्यांना नोटीस आलीय. एप्रिलमध्ये त्यांनी पाचदा रोलर थांबवून आम्हाला बाहेर काढलं. पूर्वीपण काढायच्या. साहेब तेव्हा चिडायचे, पण त्यांच्या हातात काही नसायचं. आता तुमचा पोपट आहे. नोटिशीत लिहिलंय, पाचही वेळा यंत्राचा दिवा हिरवा होता, म्हणजे मुकादम कामचुकारपणा करते. ३ जूनला चौकशी आहे. त्यात बाई हरल्या तर त्यांना कपड्यांच्या कोठीत पाठवणार आणि आमच्यावर साहेबांचा माणूस बसवणार. तो काही रोलर थांबवायचा नाही.

आणि ताई, सत्तावीस तारखेला बाई स्वतःच पडल्या. नोटीस आल्यावर पहिल्यांदाच त्यांनी रोलर थांबवला नाही, आम्हाला दोघी-दोघींनी बाहेर पाठवलं आणि आमच्या जागी स्वतः उभ्या राहिल्या. त्यांना स्ट्रेचरवरून नेलं. मी दाराशी बघितलं, पोपट हिरवाच होता.

तुमच्यावर माझा राग नाही. पण तुम्हाला माहीत असावं.

घडीवाली


१३ मे

आत्या,

घसा बसला होता काय?

घडीवालीला रागावलीस तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही. तिचं पत्र मी दोनदा वाचलं. मी इथे हिरवे ठिपके मोजत नाचत होते आणि त्याच ठिपक्यांनी तुझ्याविरुद्ध साक्ष दिली. तू पडलीस आणि माझ्या पेटीने ‘सगळं ठीक आहे’ म्हटलं. ती पेटी मी केली, आत्या. तुला सांभाळायला केली होती.

पहिल्यांदा वाटलं, तिथे येऊन ती भिंतीवरून उपटावी आणि पायाखाली तुडवावी. बॅग भरली होती. आमच्या बाईंनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्राध्यापिकांनी, दारात अडवलं. म्हणाल्या, “तोडून तुझं समाधान होईल, आत्याचं काय? यंत्र खोटं का बोललं ते आधी शोध.”

म्हणून विचारते. पाचही वेळा हवा छत्तीसच्या खालीच होती, मी आकडे पुन्हा पुन्हा तपासले. मग तुला कसं कळलं की थांबायला हवं? अंदाज होता की काही खूण आहे? काही म्हणजे काही लपवू नकोस. ‘मी मजेत आहे’ असं लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

खटपट


१७ मे

चि. खटपटीस,

घडीवालीला रागावले नाही. दोन दिवस बोलले नाही, एवढंच.

तू रडत बसू नकोस. तू पेटी केलीस, ती दारात लावायला तू सांगितलं नव्हतंस. साहेब रोज जिथपर्यंत येतात तिथेच त्यांनी ती लावली. त्यांना आत यायला नको वाटतं, चष्म्यावर वाफ धरते ना.

आता खूण विचारतेस तर सांगते. रोलरशेजारचा रुमाल. दर पाळीला तो भिजवून, घट्ट पिळून खिळ्यावर टांगायचा. ओल्या चादरींची एक गाडी रोलरवरून संपायला पाऊण तास लागतो. तेवढ्यात रुमाल वाळला तर बाहेर कितीही ऊन तापू दे, माणूस तगतं. गाडी संपली आणि रुमाल तसाच ओलागच्च असला तर कुणीतरी पडणार. मग हवा गार वाटली तरी पडणार. का ते मला ठाऊक नाही, पण बावीस वर्षांत रुमाल एकदाही चुकला नाही.

हे मला माझ्या आधीच्या मुकादमबाईंनी शिकवलं. एका दिवशी रुमाल ओला होता आणि वरून निरोप आला की शस्त्रक्रियेच्या चादरी तातडीने हव्यात, थांबू नका. त्या थांबल्या नाहीत. रोलरपाशी पडल्या, त्या पुन्हा उठल्या नाहीत. तो रुमाल मी खिळ्यावरून काढला तेव्हा माझा तळवा भिजला. त्या दिवशी मी कानाला खडा लावला.

कोठीत जायला मी भीत नाही. तिथे पंखा आहे, बसायला खुर्ची आहे, गुडघ्यांना बरंच वाटेल. पण मी तिथे गेले तर त्या रोलरला थांबवणार कोण? मला दुसरं काही नको, खटपटे. मी नसताना तो थांबेल एवढं मला कुणीतरी सांगावं.

आत्या


२२ मे

आत्या! आत्या!! आत्या!!!

तुझं पत्र मी प्रयोगशाळेत मोठ्याने वाचलं. ‘रुमाल तसाच ओलागच्च’ ऐकल्यावर गणितीने कपाळावर हात मारला, आणि आमच्या बाई फळ्याकडे धावल्या. बाई कधी धावत नाहीत.

घाम, आत्या! घाम वाळतो म्हणून अंग थंड राहतं. तुमच्याकडे हवा वाफेने इतकी भरलेली असते की तिच्यात आणखी पाणी मावत नाही. मग ना रुमाल वाळतो, ना घाम. अंगातली उष्णता बाहेर पडायची वाटच बंद होते. आम्ही नुसतं तापमान मोजत बसलो! पुस्तकात हे सगळं आहे, मी त्यावर परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवलेत, आणि पेटी करताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

तर नवी पेटी. तिच्यात दोन तापमापक, एक उघडा आणि एक ओल्या कापडात गुंडाळलेला. कापड वाळत राहिलं तर दुसरा थंड राहतो. तो तापू लागला की समजायचं, रुमाल वाळत नाहीये. म्हणजे तुझा रुमालच, फक्त त्याला आकडे बोलता येतात.

पण एक घोळ झालाय. स्नानघरात गरम पाणी सोडून, दार लावून चाचणी घेतली तर दर वेळी वेगळाच आकडा! कापड पाणी धरतच नाही. दुकानातून उत्तम, कोरं, पांढरंशुभ्र सुती कापड आणलं होतं. डागवाला म्हणतो तारा चुकल्या, गणिती म्हणतो डागवाला चुकला. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. बारा दिवस उरलेत.

खटपट


२५ मे

चि. खटपटीस,

विद्यापीठात एवढी हुशार मंडळी आणि कोरं कापड वापरता? कोऱ्या कापडाला खळ असते, ते पाणी पीत नाही, वरच्या वर घरंगळू देतं. इथे नव्या चादरी आल्या की आम्ही त्या आठ-दहा वेळा धुतल्याशिवाय रुग्णाच्या अंगाखाली घालत नाही.

सोबत एक पट्टी पाठवते. मोडीत काढलेल्या चादरीची आहे, शंभर तरी धुण्यांची असेल. पाण्याला नुसतं टोक लावून बघ.

डागवाल्याची माफी मागायला गणितीला सांग.

आत्या


२९ मे

ती. आत्या,

टोक लावलं. पाणी पट्टीत सरसर वर चढलं. आम्ही तिघं लहान मुलांसारखं ते बघत बसलो. त्यानंतर वीस चाचण्या घेतल्या, वीसच्या वीस बरोबर! गणितीने माफी मागितली आणि डागवाल्याने ती ‘तपासून सांगतो’ म्हणून ठेवून घेतली.

पेटी सोबत आहे. दारात नाही, रोलरशेजारी लाव, रुमालाच्या खिळ्यापाशी. खालच्या डबीत पाणी भर. चौकशीच्या दिवशी जुनी पेटीही जागेवर राहू दे, दोघींना एकदमच बोलू दे.

तुझी चौकशी आणि आमची अंतिम फेरी एकाच दिवशी आली आहे, नाहीतर मी तिथेच असते. आमची काळजी करू नकोस. इथे आमच्याकडे दुसरी पेटी आहे.

तुझी,
खटपट


३ जून, दुपार

चि. खटपटीस,

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

चौकशीला तिघं होते. साहेब, कचेरीतले एक गृहस्थ आणि वॉर्डातल्या डॉक्टरीणबाई. साहेबांच्या थंडगार खोलीत बोलावलं. नोटीस वाचली, हिरव्या ठिपक्यांचा कागद पुढे केला. “यावर काय म्हणणं आहे?” मी म्हटलं, “माझं म्हणणं इथे कळणार नाही. खाली चला.” साहेब नको म्हणत होते, पण डॉक्टरीणबाई खुर्ची सरकवून उठल्याच.

खाली नेलं, दारात नाही, थेट रोलरपाशी. कचेरीतल्या गृहस्थांकडे त्यांचाच रुमाल मागितला, भिजवला, पिळला, खिळ्यावर टांगला. बायकांना म्हटलं, गाडी सुरू करा. पाहुण्यांना म्हटलं, गाडी संपेपर्यंत इथेच उभं राहायचं, आम्ही उभ्या राहतो तसं.

दहा मिनिटांत तुझी नवी पेटी पिवळी झाली. दारातला पोपट हिरवाच. साहेब म्हणाले, “नवं यंत्र बिघडलेलं दिसतंय.” साहेबांची कॉलर गळ्याला चिकटली होती. पंचविसाव्या मिनिटाला पेटी लाल झाली. पोपट हिरवा! कचेरीतल्या गृहस्थांनी आपला रुमाल चाचपला आणि म्हणाले, “अहो, हा तर जसाच्या तसा ओला आहे.” डॉक्टरीणबाईंनी साहेबांचं मनगट धरलं, नाडी मोजली आणि म्हणाल्या, “बसा. ताबडतोब बसा.” साहेब मळक्या चादरींच्या गाडीवर मटकन बसले.

मग मी रोलर थांबवला, सहाव्यांदा. सगळ्यांना बाहेर काढलं. साहेबांना पाणी दिलं. त्यांनी पेला रिकामा केला. नंतर म्हणाले, “मी कधी दाराच्या आत आलोच नाही.” तेवढं मात्र त्यांनी कबूल केलं, खोटं कशाला सांगू?

नोटीस मागे. खिडकीच्या फळ्या माझ्यासमोर काढल्या, हवा बाहेर फेकणारे दोन मोठे पंखे येणार. आणि लेखी हुकूम निघाला आहे: लाल दिवा लागला की जो जवळ असेल त्याने रोलर थांबवायचा, कुणाला विचारायचं नाही. घडीवालीने तो तीनदा वाचून घेतला आणि भर अंगणात मला मिठी मारली. सगळ्याजणी रडत होत्या आणि हसत होत्या.

आता तुझं सांग. तुमच्या दुसऱ्या पेटीने काय केलं?

आत्या


३ जून, संध्याकाळ

ती. आत्या,

हे पत्र तुझ्या पत्राची वाट न बघता लिहितेय.

आधी कबुली. दुसरी पेटी नव्हतीच. एकच चालत होती, ती तुझ्याकडे पाठवली. तिघांनीही हात वर करून ठरवलं, गणितीने तर दोन्ही हात वर केले.

बाकी अकरा गटांच्या टेबलांवर दिवे, पडदे, काय काय होतं. आमच्या टेबलावर पाण्याचं भांडं, दोन साधे तापमापक, तुझ्या पट्टीचा उरलेला तुकडा आणि माझा रुमाल. लोक बघून पुढे जात होते. डागवाला म्हणाला, “आपण फरशी पुसायला आलोय असं वाटतंय.”

आमची पाळी आली तेव्हा मी पहिलं वाक्य बोलले, “आमच्या पहिल्या पेटीने एका बाईला स्ट्रेचरवर पोचवलं, आणि ती माझी आत्या आहे.” मी सगळं सांगितलं. हिरवे ठिपके, नोटीस, आधीच्या मुकादमबाई, कोऱ्या कापडाची खळ. परीक्षकांतले एक वयस्क डॉक्टर उठून आले, त्यांनी रुमाल हातात घेतला आणि विचारलं, “यंत्र कुठे आहे?” मी म्हटलं, “जिथे असायला हवं तिथे. या क्षणी एका रोलरशेजारी.”

आत्या, पहिले आलो! नाव पुकारलं तेव्हा डागवाला आपल्या उरल्यासुरल्या भुवया उंचावून नुसता बघतच राहिला. विद्यापीठ शंभर पेट्या करून देणार आहे, धुलाईघरं, भटारखाने, कापड रंगवायचे कारखाने, जिथे जिथे वाफ आणि माणसं एकत्र असतात तिथे. शंभर पेट्यांना शंभर जुन्या पट्ट्या लागतील, त्या तुझ्याकडूनच घ्यायच्या. आणि आमच्या बाई म्हणतात, पुढच्या महिन्यात येऊन वर्गाला एक तास शिकव. नाही म्हणू नकोस.

तुझं काय झालं? कळव, कळव, कळव.

खटपट


९ जुलै

चि. खटपटीस,

तुझ्याकडून परत आले. धपाटा वसूल झाला, पाठ अजून दुखत असेल तर ती एकुलती एक पेटी पाठवून देण्याची शिक्षा समज. खोटं बोललीस म्हणून एक, आणि मीही बोलले होते म्हणून दुसरा मारला नाही.

तुझ्या वर्गात साठ मुलं, सगळी वह्या उघडून माझ्याकडे बघत होती. मी फळ्यापाशी उभी राहून रुमाल पिळला आणि पुढचं एक अक्षर आठवेना. तेवढ्यात मागच्या बाकावरून एकीने विचारलं, “किती घट्ट पिळायचा?” मग काय, तास कधी संपला कळलं नाही. तुझ्या बाईंनी मला ‘बाई’ म्हटलं ते ऐकलंस ना? मी ऐकलं.

पण मी हे पत्र लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

बावीस वर्षांत उन्हाळ्याच्या कामाच्या दिवशी मी आपणहून कधी रजा घेतली नव्हती. यंदा पाऊसही लांबला, त्यामुळे तुझ्या गावी पाऊल ठेवलं तरी जीव इकडेच टांगलेला होता. आल्या आल्या स्टेशनवरून सरळ कामावर गेले. धुलाईघरात शिरले तर आत सामसूम. पिंपं बंद, रोलर बंद, आत एक माणूस नाही. धावत मागच्या अंगणात गेले.

सगळ्या सावलीत बसल्या होत्या. कुणी पाणी पीत होतं, कुणी पाय पसरून गप्पा मारत होतं. मी एकेकीला मोजलं. चौदाच्या चौदा. घडीवाली म्हणाली, “बाई, लाल लागला होता.” मी विचारलं, “थांबवला कुणी?” सगळ्यांनी एकीकडे बोट दाखवलं. गेल्याच आठवड्यात लागलेली, अजून चादरीचं टोक नीट धरता न येणारी एक पोर. घाबरून उभी राहिली, म्हणाली, “तुम्ही नव्हता, मी विचारणार कुणाला? हुकमात लिहिलंय, म्हणून थांबवला. चुकलं का?”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आत गेले. रोलर गार पडला होता. खिळ्यावर रुमाल होता, सवयीने टांगलेला, अजून ओलागच्च. त्याच्याकडे बघायची गरज त्या दिवशी कुणालाच पडली नव्हती. मी तो काढला, अंगणात नेला आणि उन्हात वाळत घातला. मग त्यांच्यातच जाऊन बसले आणि पाणी प्यायले.

तुझी,
आत्या